वाईट हवेचा मुलूख: पश्चिम खानदेशातील हिवताप, सिकलसेल आणि फुप्फुसे

पेशवाईच्या अखेरच्या दोन दशकांत तापी खोऱ्याची जी वाताहत झाली, तिचे पडसाद १८१८ नंतर खानदेशात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात सर्वत्र आढळतात. १८०२ पासूनची होळकरी फौजांची लूट, पाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरचा पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळे कित्येक गावे ओस पडली, कसत्या जमिनींत झुडपे माजली आणि जंगल गावठाणापर्यंत येऊन ठेपले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ठरवून तेथे व्यापारी पेठ वसवली, तेव्हा कंपनी सरकारपुढे दोन प्रश्न होते: डोंगरांतून उतरून मैदानातील गावांवर चालून येणाऱ्या भिल्लांना कसे आवरायचे आणि पडीक पडलेला मुलूख पुन्हा लागवडीखाली कसा आणायचा. या दोन्ही प्रश्नांना चिकटलेली तिसरी एक गोष्ट होती, जिला कारभाराच्या कागदांत स्वतंत्र शीर्षक क्वचितच मिळाले, पण जिच्यामुळे मोहिमा थांबल्या, ठाणी हलली आणि वसाहतीचे बेत फसले. ती म्हणजे पावसाळा सरत आला की सातपुड्याच्या पायथ्याला आणि नवापूर-पिंपळनेरच्या जंगलपट्ट्यात उठणारा हिवताप.

१८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल याच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा जो बारावा खंड निघाला, तो खानदेशाला वाहिलेला आहे. त्यात जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या कापसाळ जमिनी आणि पश्चिमेकडील जंगली पेटे यांतील फरक पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि हा फरक जमिनीच्या कसाइतकाच हवेचाही असल्याचे गृहीत धरलेले असते. नवापूर, तळोदा, अक्राणी आणि पिंपळनेरचा पश्चिम भाग हे तापाचे मुलूख होते. मैदानातील कुणबी किंवा गुजर शेतकरी तेथे जाऊन टिकत नसे, कारकून आणि शिपाई बदलीच्या हुकमाने धास्तावत, आणि तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारे भिल्ल, पावरा, मावची आणि कोकणा मात्र त्या हवेला ‘सरावलेले’ समजले जात. सरकारी कागदपत्रांचा एकूण सूर असा की, देह आणि मुलूख यांची एक जन्मजात जोडी असते, आणि भिल्लाचा देह जंगलाचाच आहे. रोगाचे कारण म्हणून तेव्हाचे वैद्यक दलदलीतून व कुजलेल्या पालापाचोळ्यातून निघणाऱ्या दूषित वायूकडे बोट दाखवत असल्यामुळे हे सारे वर्णन त्या काळाच्या शास्त्राशी सुसंगतच होते.

या समजुतीचे राजकीय परिणामही झाले. १८१८ ते १८२५ या काळात डोंगरांत घुसून भिल्लांना मोडून काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत फौजेला शत्रूच्या बाणांपेक्षा तापाचा मार अधिक बसला, आणि निव्वळ बळाचा मार्ग महाग पडतो हे मुंबई सरकारला पटण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणातून १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स आऊट्रम या तरुण लेफ्टनंटने भिल्लांचेच एक पथक उभारले, ज्याचे ठाणे पुढे धरणगावी राहिले. खानदेश भिल्ल कोअर या नावाने ओळखल्या गेलेल्या या पथकाची कथा आऊट्रमच्या वाघाच्या शिकारींसाठी सांगितली जाते. त्या शिकारकथांच्या गर्दीत दुर्लक्षित राहते ती बाब साधी आहे: जेथे बाहेरची पलटण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आजारी पडून निकामी होत असे, तेथे वर्षभर पहारा करू शकणारी माणसे सरकारला हवी होती आणि ती स्थानिकांतूनच मिळणार होती.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि दूषित हवेची उपपत्ती मोडीत निघाली. तथापि, कारण कळले तरी ‘सरावलेला देह’ ही कल्पना मात्र तशीच राहिली. हिवतापाच्या पाहणीचे तेव्हाचे प्रमुख साधन होते मुलांच्या पोटाची तपासणी. डाव्या बरगडीखाली बोटे घालून प्लीहा हाताला लागते का, आणि लागत असल्यास किती बोटे खाली उतरली आहे, हे पाहून गावातील हिवतापाचे मान ठरवले जाई. मराठी बोलीत ज्याला पानथरी म्हणतात ती ही वाढलेली प्लीहा, आणि खानदेशच्या जंगलपट्ट्यात ती इतकी सर्रास आढळे की तिच्यामागे हिवतापाखेरीज दुसरे काही असेल, ही शंका येण्याचे कारणच नव्हते. फिकट चेहरा, पिवळसर डोळे, वाढलेले पोट, अधूनमधून ताप आणि अंगदुखी असलेले मूल दिसले की निदान आधीच झालेले असे. याच लक्षणांचा दुसरा एक आजार त्या मुलांच्या रक्तात जन्मापासून होता, आणि तो हिवतापाच्या आडोशाने आणखी अर्धशतक नजरेआड राहिला.

त्या आजाराची पहिली नोंद खानदेशापासून फार दूर झाली. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील लांबट, कोयत्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. या तरुणाची तक्रार मुख्यतः खोकला, ताप आणि धाप यांची होती. म्हणजे या रोगाचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो तोच छातीच्या दुखण्यापासून, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवून दिले की या पेशींचा आकार प्राणवायू कमी पडला की बिघडतो आणि तो पुन्हा मिळाला की बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोष पेशीच्या आवरणात नसून तिच्यातील हिमोग्लोबिन या प्राणवायूवाहक प्रथिनात आहे हे सिद्ध केले, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इंग्रॅमने तो दोष नेमका दाखवला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेले असते. एवढ्याशा अदलाबदलीमुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोरे तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन वाकते. हा दोष आईवडील दोघांकडून आला तर माणूस सिकलसेलचा, म्हणजे कोयत्यासारख्या वाकणाऱ्या पेशींच्या या आजाराचा, रुग्ण होतो. एकाकडूनच आला तर तो वाहक ठरतो आणि सामान्यतः आयुष्यभर निरोगी राहतो.

भारतात हा दोष आहे, हे १९५२ मध्ये एकाच वर्षी दोन ठिकाणी उघड झाले. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या डोंगरी जमातींत सापडला, तर डनलॉप आणि मजुमदार यांना वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत. मुंबईत त्या काळी रक्तगटांच्या व हिमोग्लोबिनच्या अभ्यासाची एक जोमदार परंपरा उभी राहत होती, आणि जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच नोंदवला होता. त्याच वातावरणात सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी १९५६ मध्ये पश्चिम भारतातील काही जमातींत सिकलसेलचे वाहक असल्याचे दाखवले, आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातील आढळ जाहीर केला. विदर्भातील पुढच्या पाहण्यांनी हा रोग आदिवासींपुरता मर्यादित नसल्याचेही स्पष्ट केले. महाराष्ट्रातील जमातीनिहाय चित्र मात्र पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित असलेल्या एस. एल. काटे यांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून उभे राहिले. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात भिल्ल आणि पावरा यांची गणना ज्यांच्यात वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते अशा जमातींत केलेली आहे. हा आकडा किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने कळते. पाचांतील एक माणूस वाहक असलेल्या समाजात दर पंचविसांतील एका जोडप्यात नवराबायको दोघेही वाहक निघतात, त्यांच्या चार मुलांमागे सरासरीने एक रुग्ण असतो, आणि म्हणून जन्मणाऱ्या शंभर मुलांतील एकाला हा आजार घेऊनच जगावे लागते.

इतका घातक दोष इतक्या मोठ्या प्रमाणात टिकला कसा, याचे उत्तर पूर्व आफ्रिकेत मिळाले. केनियात वाढलेल्या अँथनी अॅलिसन याने १९५४ मध्ये असे दाखवले की, सिकलसेलचे वाहक असलेल्या मुलांना फाल्सिपरम जातीच्या, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊन जीव घेणाऱ्या हिवतापापासून लक्षणीय संरक्षण मिळते. वाहक मुले वाचतात, मोठी होतात आणि तो दोष पुढच्या पिढीस देतात. रुग्ण मुले दगावतात, पण त्यांच्या मरणाने होणारी घट वाहकांच्या जगण्याने भरून निघते. गॅझेटियरमधील ‘सरावलेल्या देहा’च्या कल्पनेत सत्याचा एक कण होता तो हाच. मात्र तो कण ओळखताना दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पहिली अशी की, हे संरक्षण अपुरे असते आणि जमातीतील बहुसंख्य माणसांना ते मिळतही नाही. भिल्लांची मुलेही तापाने मरतच होती. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. भिल्ल जंगलात राहिले ते रक्तातील हिमोग्लोबिनमुळे, असे म्हणणे म्हणजे फारुकी सुलतानांपासून मराठ्यांपर्यंत आणि कंपनी सरकारपासून शहादा-तळोद्याच्या सावकारांपर्यंत ज्यांनी त्यांना सुपीक जमिनीवरून मागे रेटले त्यांना निर्दोष सोडणे होय. जनुकाने त्या मागे रेटल्या गेलेल्या माणसांपैकी काहींना तग धरू दिला, आणि त्याची किंमत त्यांच्याच काही मुलांकडून वसूल केली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

ही वसुली होते ती शरीरातील सर्वांत लहान रक्तवाहिन्यांत. हृदयातून निघालेली धमनी फाटे फुटत धमनिका होते आणि शेवटी केशवाहिन्यांचे जाळे बनते. या केशवाहिनीची रुंदी इतकी कमी असते की सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट, व्यासाची निरोगी तांबडी पेशीसुद्धा तेथून अंग चोरून, घडी पडून पुढे सरकते. पेशीचा लवचिकपणा हाच येथे रक्ताभिसरणाचा आधार असतो. वाकलेली, ताठ पेशी तो गमावते आणि वाहिनीच्या अस्तराला चिकटून राहते, तिच्यामागे पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू अडकतात, आणि पलीकडच्या ऊतीला प्राणवायू मिळेनासा होतो. प्राणवायू कमी झाला की आणखी पेशी वाकतात, म्हणजे अडथळाच अडथळ्याला वाढवतो. हाडांतील असह्य कळा, लहान मुलांच्या हातापायांची सूज, तरुणांच्या पायांवरील न भरणाऱ्या जखमा आणि प्लीहेचा हळूहळू होणारा नाश हे सारे याच प्रक्रियेचे परिणाम आहेत. हा बिघाड डोळ्यांनी पाहण्याची एक जागाही आहे. खालची पापणी ओढून बुबुळाखालच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडदा भिंगातून पाहिला, तर सलग धावणाऱ्या बारीक वाहिन्यांऐवजी स्वल्पविरामाच्या आकाराचे तुटक, गर्द लाल तुकडे दिसतात, कारण पेशींच्या गुठळीमुळे रक्त मधल्या भागांत पोहोचलेलेच नसते. पेटन याने १९६१ मध्ये नोंदवलेले हे चिन्ह अनुभवी डोळ्याला यंत्रावाचूनही बरेच काही सांगते. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर सिकलसेल रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तद्रवातील नायट्रिक ऑक्साइड हे वाहिन्या सैल ठेवणारे द्रव्य शोषून घेते, आणि त्यामुळे जेथे अडथळा नाही तेथील बारीक वाहिन्याही आकसू लागतात.

फुप्फुसांची गत या बाबतीत सर्वांत नाजूक असते. शरीरभर प्राणवायू वाटून झालेले, म्हणजे पेशी वाकण्यास अनुकूल असे अशुद्ध रक्त सर्वप्रथम फुप्फुसांच्याच धमनिकांत येते. तेथील केशवाहिन्या वायुकोशांभोवती, म्हणजे हवेच्या अतिसूक्ष्म फुग्यांभोवती, जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांत वाकलेल्या पेशी अडकल्या, तर प्राणवायू घेण्याची जागाच बंद पडते. छातीत दुखणे, ताप, धाप आणि क्ष-किरण चित्रात नव्याने उमटलेला पांढुरका डाग या लक्षणांच्या समूहाला सत्तरच्या दशकाअखेर ‘अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’ हे नाव मिळाले, आणि ते नाव मुद्दामच मोघम ठेवलेले आहे, कारण त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, अडकलेल्या पेशी असू शकतात, किंवा हाडाच्या मगजातून सुटून रक्तात आलेले चरबीचे कणही असू शकतात. अमेरिकेतील तीस रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७१ वेळा उद्भवलेल्या या विकाराची छाननी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मे रुग्ण मुळात अन्य कारणासाठी, बहुधा हाडांच्या कळांसाठी, दाखल झालेले होते आणि छातीचा विकार रुग्णालयात असताना उफाळला असे आढळले. कळा आल्या की रुग्ण वेदनेने खोल श्वास घेण्याचे टाळतो, फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही, तेथे प्राणवायू कमी पडतो आणि पेशी वाकतात, ही साखळी लक्षात घेतली म्हणजे दुखणाऱ्या छातीच्या रुग्णाला तासातासाला खोल श्वास घ्यायला लावणे हा उपचाराचा भाग का आहे, हे उलगडते.

एकेका हल्ल्यातून रुग्ण सावरला तरी वारंवारच्या इजेची खूण मागे राहते, आणि ती मोजण्याची साधने वैद्यकात फार पूर्वीपासून आहेत. जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये लंडनमध्ये स्पायरोमीटर प्रसिद्ध केले, ज्याने एका दमात बाहेर सोडलेल्या हवेचे आकारमान मोजता येते. मेरी क्रोग या डॅनिश संशोधिकेने १९१५ मध्ये अल्प प्रमाणातील कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेऊन तो वायुकोशातून रक्तात किती उतरतो हे मोजण्याची पद्धत मांडली. पहिले मापन फुप्फुसाच्या भात्याचे, तर दुसरे भाता आणि रक्त यांमधल्या पडद्याचे व बारीक वाहिन्यांचे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सिकलसेलच्या ३१० प्रौढ रुग्णांची अशी मापने घेतली गेली, आणि त्यांपैकी अवघ्या दहा टक्क्यांची फुप्फुसे सर्वार्थाने निकोप निघाली. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत फुप्फुसांची एकूण क्षमता आक्रसलेली होती, आणि आणखी काहींत क्षमता शाबूत असूनही वायूची देवाणघेवाण घटलेली होती. अडलेल्या आणि आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, फुप्फुसाच्या धमनीतील दाब वाढतो आणि रुग्ण चालता चालता थकतो. २००४ मधील एका अभ्यासाने ध्वनिलहरींच्या तपासणीवरून हा दाब जवळजवळ एक-तृतीयांश प्रौढांत वाढलेला असावा असे सुचवले होते. पुढे हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजणाऱ्या फ्रेंच अभ्यासात हे प्रमाण सहा टक्क्यांवर आले. दुसरा आकडा अधिक विश्वसनीय असला तरी पहिल्याने दिलेला इशारा वाया गेला नाही, कारण ध्वनिलहरींच्या तपासणीत रक्ताच्या झोताचा वेग वाढलेला आढळलेले रुग्ण लवकर दगावतात, हे त्याच अभ्यासाने दाखवून दिले होते.

बारीक वाहिन्या आणि फुप्फुस यांची अशी एकत्र पडझड होणारा सिकलसेल हा एकमेव विकार नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिस या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते, कातडी आणि फुप्फुसांची ऊती कठीण होत जाते, आणि त्याच्या कितीतरी आधी, थंडीने बोटे पांढरीनिळी पडू लागतात तेव्हाच, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब लावून भिंगाखाली पाहिले असता केशवाहिन्यांचे केसातील आकड्यासारखे नेटके वेढे फुगलेले, फुटलेले किंवा नाहीसे झालेले दिसतात. नखाजवळचे जाळे विरळ झाले की फुप्फुसातील वायूची देवाणघेवाणही घटलेली असण्याचा संभव वाढतो, असे या रोगाच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. दोन्ही रोगांची मुळे सर्वस्वी वेगळी, एक जनुकातला आणि दुसरा प्रतिकारशक्तीतला. परंतु बोटाच्या टोकाला किंवा डोळ्याच्या पडद्यावर जे दिसते त्यावरून छातीच्या आत काय चालले आहे याचा अंदाज बांधण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. सातपुड्यासारख्या दुर्गम भागात, जेथे क्रोगच्या पद्धतीचे यंत्र पोहोचणे कठीण, तेथे या रीतीचे मोल विशेष.

खानदेशात हा रोग हिवतापाच्या आडून बाहेर आला तो हिवताप ओसरू लागल्यावर. १९०० च्या सुमारास सुरत-अंमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग नवापूर, नंदुरबारवरून पूर्ण झाला आणि त्याने जंगलातील लाकूड बाहेर व मैदानातील वसाहतकार आत आणले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. खरा बदल मात्र स्वातंत्र्याच्या आसपास घडला. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून मुंबई इलाख्याच्या कानडी जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा जो प्रयोग केला, त्याच्या यशावर देशाचा १९५३ चा हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, आणि त्याची फवारणी पथके खानदेशच्या डोंगरी पाड्यांपर्यंत पोहोचली. हिवताप संपला नाही, सत्तरच्या दशकात त्याने पुन्हा उचलही खाल्ली, परंतु पूर्वीसारखा तो प्रत्येक फिकट मुलाचे एकमेव स्पष्टीकरण राहिला नाही. गोळ्या घेऊनही न उतरणारी पानथरी, सांध्यांच्या कळा आणि दर पावसाळ्यात धापेने बेजार होणारे मूल यांकडे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागत होते. ऐंशीच्या दशकाअखेर धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णाला रक्ताची नेमकी तपासणी मिळण्याचे जवळचे मोठे ठिकाण ते ठरले. जवळचे हा शब्द येथे नकाशापुरताच खरा मानावा, कारण सातपुड्याच्या आतल्या पाड्यावरून तापी ओलांडून धुळ्यास येणे हा पूर्ण दिवसाचा प्रवास होता.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तोवर या भागातील आदिवासींचे जगणे आणखी एका दिशेने पालटले होते: दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाऊ लागली होती. सिकलसेलच्या दृष्टीने ऊसतोड म्हणजे रोग्याला जे टाळण्यास सांगितले जाते त्या सर्वांची एकत्र जुळणी आहे. पहाटेच्या थंडीत उघड्यावर झोपणे, पुरेसे पाणी न पिता उन्हात अतिश्रम करणे, धूर आणि धूळ श्वासात घेणे, आणि अंगात कसर असतानाही मुकादमाची उचल फिटेपर्यंत काम न सोडणे, या प्रत्येक गोष्टीने रक्त घट्ट होते किंवा प्राणवायू कमी पडतो, आणि पेशी वाकायला तेवढेच निमित्त पुरते.

आजाराचे खरे कारण ठाऊक नसताना समाज स्वतःचे कारण शोधतो. एकाच घरातील दोन-तीन मुले एकामागून एक आजारी पडावीत आणि शेजारच्या घरी काहीच होऊ नये, ही गोष्ट आनुवंशिकतेच्या नियमाने सहज समजते. त्या नियमाविना ती कोणाच्या तरी करणीची खूण वाटते. भगत-बडव्याकडे नेलेल्या मुलाच्या दुखण्यासाठी गावातील एखाद्या एकट्या बाईवर डाकीण असल्याचा आळ येणे हा नंदुरबारच्या डोंगरी भागातील अलीकडच्या काळापर्यंतचा अनुभव आहे, आणि २०१३ च्या अघोरी प्रथाविरोधी कायद्याला अशाच घटनांची पार्श्वभूमी होती. अशा आळांपैकी किती प्रकरणांत मुळाशी सिकलसेल असेल, याचा हिशेब कोणीही मांडू शकणार नाही. पण रोगाच्या इतिहासात त्या बायकांचा उल्लेख टाळून चालणार नाही.

दरम्यान या जनुकाच्या वयाचा आणि वंशावळीचा शोध सुरू होता. १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी भारतातील आणि पूर्व अरबस्तानातील सिकल जनुकाच्या आसपासचे आनुवंशिक चिन्ह आफ्रिकी चिन्हांहून निराळे असल्याचे दाखवून हा दोष आशियात स्वतंत्रपणे उपजला असावा, असा निष्कर्ष काढला. २०१८ मधील संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणाने मात्र सर्व सिकल जनुके सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच बदलातून आली असावीत, असे मत पुढे आणले, आणि हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. रुग्णाच्या दृष्टीने त्यातील कामाची गोष्ट अशी की, भारतीय प्रकारात जन्मापूर्वीचे, म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते आणि ते चिकट दोरे तयार होण्यात आडकाठी करते. त्यामुळे भारतातील रोग सौम्य असतो असा एक समज रूढ झाला, आणि प्लीहा येथे मोठ्या वयापर्यंत टिकलेली आढळते यासारख्या निरीक्षणांनी त्याला आधारही मिळाला. सौम्यतेचा हा समज जपून वापरावा लागतो, कारण जी मुले नोंद होण्याआधीच, निदानावाचून, दगावली त्यांचा समावेश सौम्यतेच्या कोणत्याच हिशेबात होत नाही. गर्भावस्थेतील हे हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध १९९५ च्या अमेरिकी चाचणीत कळांचे आणि छातीच्या हल्ल्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणू शकले. गोळीच्या रूपातील हे स्वस्त औषध आज जिल्हा पातळीवरील उपचाराचा कणा आहे.

२००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्राने आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात नंदुरबारचा समावेश झाला. आश्रमशाळेत किंवा उपकेंद्रात होणारी पहिली तपासणी अगदी साधी आहे. बोटातून घेतलेले थोडेसे रक्त परीक्षानळीतील द्रावणात मिसळतात, काही मिनिटे थांबतात आणि नळी छापील ओळींच्या कागदापुढे धरतात. द्रावणातून ओळी स्वच्छ वाचता आल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाही. नळी गढूळ होऊन ओळी पुसल्यासारख्या झाल्या तर ते आहे. गढूळ नळी वाहकाची आहे की रुग्णाची, हे मात्र या चाचणीला सांगता येत नाही, आणि त्यासाठी रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विद्युत्प्रवाहात हिमोग्लोबिनचे पट्टे अलग करणाऱ्या तपासणीला, पाठवावे लागते, जेथे सिकलचा पट्टा साध्या हिमोग्लोबिनच्या मागे रेंगाळतो. निदानानंतर वाहक आणि रुग्ण यांना रंगांवरून ओळखता येतील अशी कार्डे दिली जातात, आणि लग्न जमवताना दोन्हीकडची कार्डे पाहावीत अशी अपेक्षा असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, जिच्यात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे निर्मूलन ही उद्दिष्टे आहेत.

निर्मूलन या शब्दाची मर्यादा लोकसंख्या-आनुवंशिकीच्या एका जुन्या सूत्राने दाखवता येते. हिवतापाचे संरक्षक मोल पूर्णपणे नाहीसे झाले आणि एकाही रुग्णाला अपत्य झाले नाही, अशी कल्पना केली तरी, ज्या समाजात पाचांतील एक वाहक आहे तेथे दोषाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास नऊ-दहा पिढ्या, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे वर्षे लागतील. आणि उपचारांनी रुग्ण जगू लागले, संसार करू लागले, तर त्याहूनही अधिक. म्हणून तपासणीच्या कार्डावर थांबणारा कार्यक्रम अर्धाच राहतो. बालपणातील पेनिसिलीन, २०२१ मध्ये देशभर पोहोचलेली न्यूमोकॉकसची लस, नियमित हायड्रॉक्सियुरिया, आणि बोटाला लावायच्या लहानशा यंत्राने प्रत्येक भेटीत घेतलेली प्राणवायूची नोंद, ही फुप्फुसे वाचवण्याची साधने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातील आहेत. त्यांतील शेवटचे सर्वांत स्वस्त आहे, कोविडच्या साथीत ते गावोगावी पोहोचलेही आहे, आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी कळांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा आकडा नेहमीपेक्षा खाली गेलेला दिसला, तर त्याला त्या हंगामापुरते गावी थांबवण्याइतके कारण त्यातून मिळते.